'पंथाबाहेर': विवाहाची सीमारेषा आणि एक न रुळलेला मराठी शब्द

मराठीत 'जातीबाहेर लग्न' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. 'आंतरजातीय' व 'आंतरधर्मीय' ही विशेषणे समाजशास्त्राच्या पुस्तकांतून वृत्तपत्रांत आणि तेथून घराघरांत पोचली. 'पंथाबाहेर लग्न' असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. ज्या भाषेत पंथ, संप्रदाय, मार्ग, परंपरा या शब्दांची एवढी दाटी आहे, त्या भाषेत विवाहाच्या संदर्भात पंथाची सीमा दाखविणारा शब्द रुळू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शब्द नाही म्हणून अनुभवही नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अनुभव असतो, परंतु तो वेगळ्या नावाखाली आणि वेगळ्या जागी नोंदला जातो. प्रस्तुत लेखात या वेगळ्या जागेचा शोध घ्यावयाचा आहे. त्यासाठी आरंभी एका दूरच्या पंथाची साहित्यसृष्टी, नंतर बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील महानुभावांची परंपरा आणि अखेरीस एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मांतरितांचे लेखन, असा क्रम ठेवला आहे.

दूरचा पंथ म्हणजे मेनोनाइट. 1525 मध्ये झुरिच येथे काही मंडळींनी बालपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून प्रौढपणी, स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. त्या चळवळीचा हा एक फाटा. फ्रीसलँडमधील कॅथलिक धर्मगुरू मेनो सिमन्स 1536 मध्ये आपली जुनी चर्च सोडून या मंडळींत आला आणि त्याच्या नावावरून पंथाला नाव मिळाले. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे आणि राज्यसत्तेपासून अंतर राखणे ही या लोकांची व्रते. 1632 च्या डोर्ड्रेख्ट येथील कबुलीजबाबात दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एकात विवाह समान श्रद्धेच्या, म्हणजे एकच बाप्तिस्मा घेतलेल्या, व्यक्तींतच व्हावा असे सांगितले आहे; दुसऱ्यात मंडळीतून काढलेल्या माणसाशी खाणेपिणे व इतर व्यवहार टाळावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे 'रोटी-बेटी व्यवहार' असे एका जोडशब्दात जे म्हटले जाते, तेच येथे दोन कलमांत विभागलेले दिसते.

पण साम्य एवढ्यावरच थांबते. ज्या पंथाचा उगमच मुळी 'जन्माने कोणी श्रद्धावंत होत नाही' या आग्रहात आहे, त्या पंथाने कालांतराने जन्माची बिरादरी निर्माण केली, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय. विस्तुलेच्या खोऱ्यातून दक्षिण रशियात, तेथून 1874 पासून कॅनडातील मॅनिटोबात, 1922 पासून मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात अशी या लोकांची स्थलांतरे झाली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आपली प्लाउटडीच बोली, मोजकी आडनावे आणि गावरचना बरोबर नेली. तत्त्वतः दार सर्वांना उघडे. व्यवहारात मात्र आत येणारे जवळजवळ सर्व आतच जन्मलेले. अशा समाजात माणूस खरोखर श्रद्धेने आत आहे की केवळ जन्माने, याची कसोटी विवाहाच्या वेळी लागते. म्हणूनच मेनोनाइट लेखकांच्या कादंबऱ्यांत विवाह हा कथानकाचा साधा टप्पा राहत नाही; तेथे पंथाचीच परीक्षा होते. (सर्व मेनोनाइट मंडळ्या आज हे नियम सारख्याच कडकपणे पाळतात असे नाही, बहुतेकांत ते कधीच सैल झाले आहेत.)

रुडी वीब यांची 1962 मधील पहिली कादंबरी 'पीस शॅल डिस्ट्रॉय मेनी' या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काळ 1944, स्थळ सॅस्कॅचेवान प्रांतातील एक मेनोनाइट वसाहत. महायुद्धात शस्त्र धरावयाचे नाही, हा वसाहतीचा अभिमान. या वसाहतीचा कर्ता पुरुष डीकन ब्लॉक हा आपल्या मुलीचे लग्न हर्मन पेटकाऊ याच्याशी होऊ देत नाही. कारण हर्मनचा जन्म विवाहबाह्य आहे. पुढे हर्मन वसाहतीबाहेरच्या, स्थानिक मिश्रवंशीय कुटुंबातील स्त्रीशी संसार मांडतो आणि वसाहतीला परका होतो. डीकनच्या मुलीची शोकांतिका वेगळी वळणे घेते; पण तिचे मूळ त्या मोडलेल्या विवाहात आहे. वीब यांनी येथे दाखविलेली गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटावी अशी आहे. डीकन भाषा श्रद्धेची वापरतो, निर्णय मात्र रक्तावरून घेतो. कादंबरीने मेनोनाइट समाजात एवढा क्षोभ निर्माण केला की वीब यांना पंथाच्या साप्ताहिकाचे संपादकपद सोडावे लागले.

मिरियम टोव्ज यांची 'इर्मा व्होथ' (2011) ही कादंबरी तर थेट आपल्या विषयावरच उभी आहे. चिवावातील वसाहतीत राहणारी एकोणीस वर्षांची इर्मा एका मेक्सिकन तरुणाशी लग्न करते. बाप तिला टाकतो. पण टाकण्याची रीत विलक्षण आहे. तो तिला हाकलून देत नाही. आपल्याच शेतालगतच्या घरात राहू देतो, तिच्याकडून काम करून घेतो आणि तिच्याशी नाते मात्र तोडतो. हाकेच्या अंतरावर घर असावे आणि त्या घराचे दार बंद असावे, ही शिक्षा हद्दपारीहून अधिक क्रूर आहे. पुढे नवरा निघून जातो. वसाहतीत चित्रपट करावयास आलेल्या मंडळींकडे इर्मा दुभाषी म्हणून काम करू लागते. दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याचे काम तिला मिळावे, ही टोव्ज यांची योजना साधी आणि अचूक आहे. पंथाबाहेर पडलेल्या माणसाची जागा तीच असते.

आता आपल्या परिसराकडे वळू. मेनोनाइट हे नाव वऱ्हाडला सर्वस्वी अपरिचित होते असे नाही. 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरी येथे आणि 1900 मध्ये याच पंथाची दुसरी शाखा चांपा येथे आली. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेल्यावर छत्तीसगडमधील ही गावे आणि बुलढाणा जिल्हा एकाच प्रांतात, नागपूरच्या कारभाराखाली आले. मात्र बुलढाणा, चिखली, खामगाव या भागात काम केले ते इतर मिशनांनी. धमतरीच्या मंडळीत दुष्काळातील अनाथ मुलांचा भरणा मोठा होता. प्लाउटडीच बोली आणि जर्मन आडनावे यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. जन्माने मेनोनाइट असणे त्यांच्या पिढीला ठाऊकच नव्हते. तेव्हा केवळ नावाच्या साम्यावर विसंबून तेथे वीब वा टोव्ज यांचे कथानक शोधणे व्यर्थ आहे. तुलनेसाठी बुलढाण्यात याहून कितीतरी जुना आणि मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचा पंथ आहे, तो महानुभावांचा.

'लीळाचरित्रा'च्या नकाशावर मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे ठळक आहेत. ज्यांनी या ग्रंथाच्या पाठनिश्चितीसाठी आयुष्य वेचले, ते वि. भि. कोलते याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. महानुभाव आणि मेनोनाइट यांच्यात वरवर पाहताही काही साम्ये जाणवतात. दोघांनी हिंसा वर्ज्य मानली, दोघांनी प्रस्थापित पौरोहित्य नाकारले, दोघांना सभोवतालच्या समाजाचा रोष सोसावा लागला आणि दोघांनी आपली भाषिक खूण जपली. महानुभावांनी तर ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. पंथात प्रवेशही दोन्हीकडे जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने: तिकडे बाप्तिस्मा, इकडे उपदेश.

विवाहाच्या प्रश्नावर मात्र वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. महानुभाव पंथाची रचना दुपदरी आहे. ज्यांनी संन्यास घेतला, त्यांच्यासाठी विवाहाचा प्रश्नच उरत नाही. त्यांनी घर, गाव आणि आप्त सोडावयाचे आणि चारी वर्णांच्या दारी भिक्षा मागावयाची. जातीची रोटी-मर्यादा येथे आचारानेच मोडली आहे. दामोदरपंडित आणि त्यांची पत्नी हिराइसा हे दोघेही नागदेवाचार्यांच्या मार्गाला लागले. म्हणजे येथे विवाहासाठी पंथ सोडला जात नाही, पंथासाठी संसार सोडला जातो. दुसरा पदर उपदेश घेतलेल्या गृहस्थांचा. हा गृहस्थ आपल्या जातीतच राहतो आणि त्याच्या मुलामुलींची लग्ने जातीतच होतात. रोटीची मर्यादा ओलांडणाऱ्या पंथाने बेटीची मर्यादा जातीकडेच ठेवली. यामुळे सोयरीक जुळविताना 'मुलगा आपल्या जातीचा आहे ना' हा प्रश्न आधी येतो. 'उपदेशी आहे का' हा नंतर, आणि अडून बसण्याइतका क्वचितच.

'पंथाबाहेर लग्न' हा शब्द मराठीत का रुळला नाही, याचे एक उत्तर येथे सापडते. सीमेवर पहारा देण्याचे काम जातीने आधीच घेतले होते. पंथाला तेथे चौकी बसविण्याची गरज उरली नाही.

पण याचा अर्थ पंथाबाहेर विवाह झाल्याने काही बिघडत नाही असा नव्हे. बिघडते ते लग्नानंतर, आणि बहुधा मुलीच्या बाबतीत. महानुभाव आचारधर्मात परमेश्वराखेरीज इतर देवतांची उपासना वर्ज्य आहे. मांस आणि मद्यही वर्ज्य. अशा घरातील मुलगी स्वजातीच्याच, पण उपदेश नसलेल्या घरात पडली की, तिच्यापुढे एकेक करून सासरचे कुळाचार येऊ लागतात. खंडोबाची तळी, देवीचा गोंधळ, मरीआईचा बकरा, देवघरातील टाक. लग्नाच्या याद्या होताना यांपैकी कशाचाही उल्लेख झालेला नसतो. कारण दोन्ही घरे 'एकच' समजली गेली होती. मेनोनाइट इर्माला टाकणारा बाप आहे, मंडळी आहे, कलम आहे. या स्त्रीला टाकणारा कोणी नाही. ती समाजाच्या दृष्टीने कोठून बाहेर पडलेलीच नाही. बाहेर पडली आहे ती फक्त तिची उपासना. हा वियोग कोणाच्याही नोंदीत येत नाही, म्हणून त्यावर कादंबरी नाही आणि त्याला नावही नाही. मराठी ग्रामीण कादंबरीने शेत, पाणी, भाऊबंदकी, सावकारी यांचा तपशील कसोशीने टिपला; देवघरातील या निःशब्द झगड्याला मात्र तिने फारसे स्थान दिले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

याच संदर्भात महदाइसेच्या 'धवळ्यां'कडे पुन्हा पाहण्याजोगे आहे. मराठीच्या या आद्य कवयित्रीची रचना लग्नप्रसंगीच्या गाण्याच्या स्वरूपाची असून विषय रुक्मिणीच्या विवाहाचा आहे. नरेंद्राच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चाही तोच. भावाने ठरविलेला वर नाकारून, घराण्याचा विरोध असताना स्वतः निवडलेल्या पुरुषाबरोबर निघून जाणारी वधू महानुभाव काव्यात एवढी प्रिय व्हावी, आणि तीही विदर्भकन्या असावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि या कथेला विवाहस्वातंत्र्याचा जाहीरनामा समजणे चुकीचे होईल. श्रीकृष्ण हा या कवींच्या दृष्टीने परब्रह्माचा अवतार. म्हणजे रुक्मिणी घराबाहेर जाते ती श्रद्धेच्या बाहेर नव्हे, तर श्रद्धेच्या आत. आप्त सोडून अनुसरणे हीच तर पंथाची मूळ कृती. धवळ्यांत ती विवाहाच्या रूपात गायिली जाते. गाणारी महदाइसा स्वतः विधवा आणि विरक्त होती, हेही येथे विसरता कामा नये.

श्रद्धेचे बंधन आणि विवाह यांची उघड गाठ मराठी लेखनात पडते ती एकोणिसाव्या शतकात. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (1857) विधवा यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. तेथे धर्म सोडणे आणि संसार मिळणे ही एकाच हालचालीची दोन टोके आहेत. पण कल्पित कथेपेक्षा प्रत्यक्षात घडलेला प्रसंग अधिक बोलका आहे. 1880 मध्ये पंडिता रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी बांकीपूर येथे नोंदणी पद्धतीने विवाह केला. रमाबाई चित्पावन ब्राह्मण, मेधावी ब्राह्मणेतर. हा विवाह ज्या 1872 च्या तिसऱ्या कायद्याखाली झाला, त्याची अट अशी होती की वधूवरांपैकी प्रत्येकाने आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे. शास्त्रार्थासाठी 'पंडिता' ही पदवी मिळविलेल्या स्त्रीने असे प्रतिज्ञापन करावे, यातील तीव्रता आज लक्षात येणे कठीण आहे. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्या वेळी दोघांचाही हिंदू वा ख्रिस्ती धर्मावर विश्वास नव्हता असे स्वच्छ सांगितले आहे; त्यांच्यापुरते ते प्रतिज्ञापन खोटे नव्हते. परंतु कायद्याची रचना पाहता, ज्यांचा विश्वास होता त्यांनाही तेच लिहून द्यावे लागले असते. जात ओलांडावयाची तर धर्म नाकारा, असा हा सौदा होता. जातीची चौकी आणि धर्माची चौकी कायद्याने एकाच ठिकाणी आणून बसविली. 1882 च्या आरंभी मेधावींचे निधन झाले. 1883 मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या चरित्रकारांनी या बाप्तिस्म्याची चर्चा पुष्कळ केली, बांकीपूरच्या कागदाची त्या मानाने थोडी. वास्तविक समाजाच्या रूढ चौकटीतून त्या बाहेर पडल्या त्या कागदानेच.

हा कायदा 1923 मध्ये मध्यप्रांतातील सदस्य हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्त झाला. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत विवाह करताना धर्म नाकारण्याची गरज राहिली नाही. मात्र या सवलतीला एक किंमत होती. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असे धरले जाई, त्याला दत्तक घेण्याचा अधिकार उरत नसे आणि त्याच्या पित्याला, दुसरा मुलगा हयात नसल्यास, दत्तक घेण्याची मुभा मिळे. म्हणजे पुत्र जिवंत असूनही पित्यापुरता नसल्यासारखा. धर्मशास्त्रात पतिताला बहिष्कृत करताना मृतासाठी करावयाच्या विधीप्रमाणे पाण्याचा घडा पालथा घालीत. त्याला 'घटस्फोट' म्हणत. आज हा शब्द पतिपत्नींच्या विभक्त होण्यास लावला जातो आणि त्याच्या मूळ अर्थाची कोणाला आठवण नाही. शब्दाने जुना अर्थ टाकला, तरी 1923 च्या कलमात तो विधी कायद्याच्या भाषेत जिवंत होता. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अट सर्वांसाठीच काढून टाकली. एकत्र कुटुंबातून वेगळे होण्याचे कलम मात्र त्यातही आले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या मालिकेत उलट बाजूने येतात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लग्न न बदलताच 'धर्माबाहेर लग्न झालेल्या' स्त्री झाल्या. 1866 च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेल्यास विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग धर्मांतरिताला उपलब्ध होता. टिळकांनी तो धरला नाही. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेईपर्यंतचा काळ हा 'स्मृतिचित्रां'चा गाभा होय. या भागात सिद्धान्ताची चर्चा कमी आणि पाणी, चूल, सोवळे यांच्या हकिकती अधिक आहेत; ग्रंथाचे सामर्थ्य यातच आहे. श्रद्धा बदलली की नाही हे लक्ष्मीबाईंना नंतर कळते. कोणाच्या हातचे पाणी घशाखाली उतरते हे आधी. वर उल्लेखिलेल्या महानुभाव सुनेचे दुःखही याच जागी आहे. फरक इतकाच, की एकीच्या वाट्याला धर्मांतराचा गाजावाजा आला आणि तिने तो नर्मविनोदाने लिहून ठेवला. दुसरीच्या वाट्याला काहीच आले नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही पुढे विवाह श्रद्धावंतांतच व्हावा हा आग्रह दृढ झाला. त्यासाठी पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील विजोड जुवाची प्रतिमा वापरली जाते. ही प्रतिमा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. एक उंच आणि एक ठेंगणा बैल जुंपला की वखर कसा चालतो हे त्याला ठाऊक असते. पण जू ही दोन्ही मानांवर सारखी बसणारी वस्तू आहे. विवाहाच्या जुवाखालून बाहेर काढली जाते, टाकली जाते, परत बोलावली जाते ती बहुधा एकच मान. वीब आणि टोव्ज यांच्या कादंबऱ्यांत हे जितके स्पष्ट आहे, तितकेच आपल्याकडील सामग्रीतही.

एखाद्या पंथाला आपल्या माणसाला बाहेर टाकण्याचा अधिकार असावा काय, हा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला. 1949 च्या मुंबई राज्याच्या बहिष्कारप्रतिबंधक कायद्याला दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी आव्हान दिले आणि 1962 मध्ये, म्हणजे वीब यांची कादंबरी आली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्दबातल ठरविला. श्रद्धेच्या कारणावरून बहिष्कार हा धार्मिक संप्रदायाच्या अंतर्गत व्यवस्थेचा भाग आहे, अशी बहुमताची भूमिका होती. 2023 मध्ये हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो 2017 पासून अमलात आला. त्यामागची प्रकरणे मुख्यतः जातपंचायतींची होती, आणि त्यांतही विवाहाची पुष्कळ. येथेही पुन्हा तोच अनुभव येतो: कायदेमंडळाच्या नजरेस जातीची चौकी चटकन पडते.

'इर्मा व्होथ' सारख्या कादंबरीचा मराठी अनुवाद करावयास कोणी बसले, तर पहिली अडचण येथेच येईल. इर्माच्या बापाच्या कृतीला 'वाळीत टाकले' म्हणावे तर त्यामागे जातपंचायत उभी राहते. 'बहिष्कृत केले' म्हणावे तर आंबेडकरी चळवळीने त्या शब्दाला दिलेला वेगळाच भार मध्ये येतो. 'टाकले' म्हणावे तर ती नवऱ्याने टाकलेली बाई वाटते. 'अंतरली' हे क्रियापद त्यातल्या त्यात जवळचे आहे. माणसाला घर अंतरते, माहेर अंतरते, देव अंतरतो. मात्र या क्रियापदात टाकणारा कोणी दिसत नाही. इर्माच्या बाबतीत ती उणीव ठरेल. सासरच्या देवघरात टाकांपुढे उभ्या असलेल्या उपदेशी मुलीच्या बाबतीत तोच शब्द नेमका बसेल.